दगडावरची कोरी ओळ

सोमवार, ता. ६

माफ करा, लिहायला फार उशीर झाला. इतकी वर्षं आपण एकाच घरात राहतो, तुम्ही भिंतीवर आणि मी खाली, पण तुम्हाला कधी एक शब्द लिहिला नाही. खरं सांगायचं तर इच्छा नव्हती. आजही नाही. पण सहलीच्या कंपनीने प्रत्येकाच्या हातात एकेक वही ठेवली आहे. वर सोनेरी अक्षरांत छापलंय, 'माझ्या भावना'. आता भावना सांगायच्या तरी कोणाला? हिला सांगता येत नाहीत. मुलाला सांगायला गेलो तर तो म्हणतो, बाबा, तुम्ही झोपा. उरलात तुम्ही, माझ्या बायकोचे पहिले यजमान. तुम्ही निदान मधेच उठून टीव्ही लावणार नाही.

माझी ओळख अशी की माझं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान. शाळा सहावीत सुटली, म्हणजे मी सोडली नाही, तिनेच मला सोडलं. तुम्ही लढाईत गेल्याची बातमी आल्यावर ही तुमच्या पोराला कडेवर घेऊन माझ्या दुकानात कपडे मोजून घ्यायच्या कामाला आली. पुढे आम्ही लग्न केलं. ते पोर तेव्हा काउंटरखाली गाठोड्यात झोपायचं. आता त्याला टक्कल पडलंय.

फोटोचं एकदा बोलून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल. तुमचा वर्दीतला फोटो हिने बाहेरच्या खोलीत लावलाय. त्यात तुमच्या कॉलरची डावी बाजू दुमडलेली आहे. मी जन्मभर लोकांच्या कॉलरी सरळ केल्या आणि माझ्याच घरात समोरासमोर ही एक वाकडी कॉलर. फौजेत इस्त्री नव्हती की लाज नव्हती?

आज विमानाने इथे परदेशात पोचलो. गुडघे गेले आहेत, कान दुखतोय, बॅगेचं चाक मोडलंय. सहलीचं नाव 'शौर्यस्थळांची सहल'. निरनिराळ्या स्मारकांना आणि सैनिकांच्या दफनभूमींना घेऊन जाणार आहेत. शेवटी रविवारी तुमची. ही दोन वर्षं म्हणत होती, मला एकदा तिथे जाऊन यायचंय, एक काम राहिलंय. कोणतं काम ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, म्हणून विचारलं नाही.

बुधवार, ता. ८

आज एका दिवसात दोन स्मारकं उरकली.

आमच्या पुढे एक मुलगी लाल छत्री उंच धरून चालते. पाऊस नाही, ऊन नाही, छत्री आहे. आपलीच भाषा बोलते, इकडे शिकायला आली आणि इकडचीच झाली. मी तिला छत्रीवाली म्हणतो. आमच्यात एक पदकवाले साहेब आहेत. फौजेत होते हे खरं, पण सगळी नोकरी भांडारात घोंगड्या मोजण्यात गेली, हे त्यांच्याच बायकोने हिला सांगितलं. सकाळच्या चहालासुद्धा छातीवर पदकं लावून येतात. काल सूप पिताना वाकले तर दोन पदकं वाटीत बुडाली. कोटाचं अस्तर खालून लोंबतंय, ते मात्र कोणी सांगत नाही.

पहिलं स्मारक म्हणजे एक कमान. कमानीवर मेलेल्यांची नावं, पार टोकापर्यंत. खालची लिपी येणाऱ्यांना वाचता येतात. वरची वाचायला पाखराचा जन्म घ्यायला हवा. छत्रीवालीला विचारलं, वरच्यांनी काय कमी चांगलं मरण पत्करलं होतं का? ती म्हणाली, आजोबा, पुढे चला, पाठीमागे दुसरा गट आहे.

दुसऱ्या ठिकाणी एक ज्योत आहे. कधीच विझत नाही म्हणून लोक टोप्या काढून उभे राहतात. जवळ जाऊन वाकून पाहिलं. खाली गॅसची नळी. मी दुकानात इस्त्री चालू ठेवून जेवायला गेलो तर ही आळी डोक्यावर घ्यायची, आणि इथे इतकी वर्षं शेगडी चालू आहे तर तिला शौर्य म्हणायचं. तेवढ्यात मला आठवलं की घरचा गॅस बंद केल्याचं मला आठवत नाही. लगेच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, बाबा, तुम्ही स्वतः तीनदा बघितलात. मी म्हणालो, तरी जाऊन ये. तो जाऊन आला. बंद होता.

मग सगळ्यांना मौन पाळायला उभं केलं. ते चालू असताना कोणाचा तरी फोन नाचाच्या गाण्याने वाजला. पदकवाल्यांचाच. बाहेर पडताना दुकान लागतं, तिथे बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या पेन्सिली मिळतात. लोकांनी नातवंडांसाठी मूठ मूठ घेतल्या.

 हिने काही घेतलं नाही. बाकावर बसून पाय चोळत होती. म्हटलं, दमलीस तर परत जाऊ, रविवारचं काय ते घरी बसून आठवलं तरी चालतं. ती म्हणाली, तुम्ही पाणी पिऊन घ्या.

गुरुवार, ता. ९

आज मोठी दफनभूमी पाहिली. सविस्तर लिहितो.

दगड सगळे एका मापाचे, शाळेच्या गणवेशासारखे. साहेब असो की स्वयंपाकी, दगड तेवढाच. हे मला बरं वाटलं, पण लगेच मनात आलं, जिवंत असताना सगळ्यांना एका मापात बसवलं ते पुरलं नाही वाटतं. गवत इतकं नेमकं कापलेलं की चालायची भीती वाटते. आमच्यातली एक बाई एका दगडाला टेकून, मान तिरकी करून फोटो काढून घेत होती. दगडाखाली कोण आहे ते तिने पाहिलंही नाही. परत तिचा शेला चुरगळलेला.

तिथे छत्रीवालीने एक पद्धत सांगितली. प्रत्येक दगडावर वर नाव, हुद्दा, वय, तारीख फौज कोरते. पण अगदी तळाला, गवताच्या जरा वर, एका ओळीची जागा सोडलेली असते. ती घरच्यांची. त्या वेळी प्रत्येक घराला विचारलं होतं, तुम्हाला काय लिहायचंय ते कळवा. ज्यांनी कळवलं त्यांची ओळ आहे. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांची जागा अजून कोरी आहे. आजही कोणी जवळचं माणूस स्वतः येऊन सांगेल तर ती कोरून देतात. एकच ओळ, आणि एकदा कोरली की बदलायची नाही.

ही म्हणाली, पुन्हा सांग ग. छत्रीवालीने पुन्हा सांगितलं. ही मान डोलवत होती, जणू सगळं आधीच माहीत होतं आणि फक्त खात्री करून घेत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. राहिलेलं काम ते हे.

मी छत्रीवालीला एकीकडे घेऊन दोन-चार दगडांवरच्या ओळी वाचायला लावल्या. एकावर होतं, 'झोप शांत, बाळा.' ते आईचं. दुसऱ्यावर, 'पुन्हा भेटू, तुझीच पत्नी.' तिसऱ्यावरही तेच, शब्द फक्त इकडचे तिकडे. चौथी मी वाचू दिली नाही.

आता तुम्हीच सांगा. मी हिच्याबरोबर जन्म काढला. हिचं पित्त, हिचे चष्मे, हिच्या माहेरच्यांची भांडणं, सगळं मी निस्तरलं. आणि दगडावर कायमचं कोरलं जाणार 'पुन्हा भेटू, तुझीच'. म्हणजे मी मधल्या स्टेशनवरचा बाक.

संध्याकाळी धीर करून विचारलं, तेव्हाच का नाही कळवलंस? ती मोजे काढत होती. दुसरा मोजा काढून म्हणाली, "विचारणा आली होती हो. सुचलंच नाही. मला त्यांना एकच विचारायचं होतं, आता मी काय करू. ते दगडावर कसं लिहिणार?"

मग मोज्यांच्या घड्या घालून झोपली. मला काही कळलं नाही. आता सुचलंय का, हे विचारायचं राहून गेलं.

शुक्रवार, ता. १०

दिवसभर बसमध्ये. पदकवाले मागे बसून लढायांच्या गोष्टी सांगतात, घोंगड्यांची एकही सांगत नाहीत.

हिने वाटेत विचित्र प्रश्न विचारले. म्हणाली, तुम्ही कधी बाहेरगावी गेलात की फोनवर आधी काय विचारता? म्हटलं, काय विचारणार, घरी सगळं ठीक ना, कुलूप नीट लागतं ना, पोराचा ताप उतरला ना. ती म्हणाली, आणि मी काय सांगते? म्हटलं, तू काय, तुझं ठरलेलं असतं. आमचं सगळं बरं आहे, काळजी करू नका. कधी म्हणून सविस्तर सांगत नाहीस.

"तेवढं पुरतं का हो तुम्हाला?"

मी म्हटलं, न पुरून सांगतो कोणाला. पण तेवढं ऐकलं की झोप लागते.

ती हसली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. ही अलीकडे असं काहीही विचारते. डॉक्टरला दाखवायला हवं. माझा जीव त्या एका ओळीवर टांगलाय आणि हिला गप्पा सुचताहेत.

रविवार, ता. १२

झालं. गेलो आणि आलो. 

तुमची जागा लहान आहे. टेकडीच्या उतारावर, कडेला ठेंगणी भिंत. बाकीच्यांना इथे काही बघायचं नव्हतं, ते बसजवळ चहा पीत राहिले. पदकवाले तेवढे फाटकापर्यंत आले, एक सलाम ठोकला आणि छायाचित्र काढून घेऊन परत गेले. छत्रीवाली आमच्याबरोबर आत आली. तिने छत्री मिटली होती, हे मी पाहिलं.

तुमचा दगड सापडला. तळाशी कोरी जागा. ही त्याच्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं आता रडेल, म्हणून रुमाल काढून तयार होतो. माझा रुमाल नेहमी घडीचा असतो. ती रडली नाही. म्हणाली, दगडावर माती उडालीय, तुम्ही जरा नळावरून पाणी आणता का? मला कळलं की मला लांब करते आहे. निघालो. चार पावलं गेलो तर पाठीमागून तिचा आवाज आला, "अरे, ऐक."

अरे! मला जन्मभर अहो. भांडतानासुद्धा अहो. आणि तुम्हाला अरे. मी मागे वळून पाहिलं नाही. नळाला पाणी बारीक येत होतं, तिथे ठेवलेली झारी भरेपर्यंत माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही, ही वही मुलाच्या हाती लागू शकते.

परत आलो तर ही तिथे नाही. छत्रीवालीला घेऊन कचेरीत गेलेली. ओळ सांगायला. म्हटलं बरं झालं, आपण दोघेच आहोत. दगडासमोर उभा राहिलो आणि बोलायला सुरुवात केली. सगळं बोललो. म्हटलं, तुमचं काय हो, ज्यांच्याशी आपलं भांडण नाही अशांच्या मुलखात येऊन मेलात आणि फोटो होऊन बसलात. फोटोला ताप येत नाही, फोटोला फी भरावी लागत नाही, फोटोवर बायको कधी चिडत नाही. पोराला सायकल शिकवताना माझा गुडघा फुटला, तुम्ही वरून बघत होतात. त्याचे कान तुमचे आहेत, कबूल, पण घड्या घालायची सवय माझी आहे. कॉलरीचंही बोललो. मग जरा दम लागला म्हणून वाकलो आणि दगड धुवायला घेतला. रुमालाने वरपासून पुसत तळापर्यंत आलो.

तळाला ओळ होती.

 म्हटलं इतक्यात कोरलीसुद्धा? बोट फिरवून पाहिलं, कडा झिजलेल्या, जुनी ओळ. मग वरचं नाव पाहिलं. मघाशी पाहिलेलं तुमचं नाव आखूड होतं, हे लांबलचक. तो दगड तुमचा नव्हता. मी एक रांग चुकलो होतो. सगळे एका मापाचे, माणसाने करायचं काय? कोण्या परक्या आईच्या पोराला मी माझ्या घरातलं सगळं ऐकवून बसलो होतो. त्याने ऐकून घेतलं बिचाऱ्याने. मी त्याचा दगड पूर्ण धुतला, अर्धा सोडणं बरं दिसेना.

मग तुमच्या रांगेत आलो. बोलायला काही उरलं नव्हतं. पाणीही थोडंच उरलं होतं. इथली लिपी मला येत नाही पण आकडे वाचता येतात. वयाचा आकडा वाचला. तेवीस.

मला हे माहीत होतं. म्हणजे हिने कधीतरी सांगितलं असणार. पण मी म्हातारा होत गेलो तसे माझ्या डोक्यात तुम्हीही बरोबरीने म्हातारे होत गेला होतात. मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. आमचा नातू तेवीसचा आहे. त्याला त्याचे मोजे सापडत नाहीत. आजीला फोन करून विचारतो, अंडी किती वेळ उकडायची. इतकी वर्षं मी ज्याचा दुस्वास केला तो एवढासा पोरगा.

तुझा दगड धुतला. पाणी पुरलं.

कचेरीला मोठी खिडकी आहे. आतलं दिसत होतं. ही खुर्चीत ताठ बसून बोलत होती, छत्रीवाली तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत सांगत होती. तो लिहून घेत होता. एकदा तो थांबला आणि काहीतरी विचारलं. छत्रीवालीने हिला विचारलं. हिने उत्तर न देता खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं. मी झारी हातात धरून उभा. तो माणूस माझ्याकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर तो सरळ माझ्याकडे आला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरून हलवला. कशाबद्दल, ते कोणी सांगितलं नाही. मी दुसरा नवरा म्हणून माझी कीव आली असणार. हात ओला होता माझा, तेही त्याला चाललं. त्याचा शर्ट चांगल्या इस्त्रीचा होता, म्हणून मी काही बोललो नाही.

हिला म्हटलं, सांगितलीस ओळ? म्हणाली हो. म्हटलं काय सांगितलंस? म्हणाली, "कोरून झाली की फोटो पाठवणार आहेत, तेव्हा वाचा. आत्ता सांगितलं तर तुम्ही त्यात चुका काढाल."

म्हटलं, लांब आहे का? म्हणाली, लहान आहे, जागा उरेल.

लहान. 'पुन्हा भेटू' लहानच आहे.

सोमवार, ता. १३

छत्रीवालीने आज मला बसमध्ये स्वतःहून पुढची खिडकीजवळची जागा दिली. पदकवाल्यांना उठवून. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. तिथे वारा लागतो आणि माझा कान आधीच दुखतोय, पण मी बसलो. तिला हळूच विचारलं, मुली, आजीने काय लिहायला सांगितलं? ती म्हणाली, आजोबा, मी वचन दिलंय. मग माझा मफलर नीट करून दिला. मी लहान आहे का? पण नीट केला, घडी बरोबर होती.

ही वाटेत झोपली. माझ्या खांद्यावर. इतकी गाढ की बस खड्ड्यातून गेली तरी उठली नाही. सहलीत पहिल्यांदाच अशी झोपली. काम झालं ना तिचं, झोप येणारच. माझ्या झोपेचं काय?

गुरुवार, ता. १६

घरी आलो. कुलूप ठीक, गॅस बंद. मुलाने दूध आणून ठेवलं होतं, ते उतू घालवायचं काम मी केलं.

तुझ्या फोटोसमोर बसून लिहितोय. आज खुर्ची ओढून वर चढलो आणि काच पुसली. हिने खालून खुर्ची धरली आणि म्हणाली, पडाल. जवळून बघितलं तर मिशीसुद्धा धड फुटलेली नाही तुला. नुसती लव. मी इतकी वर्षं तिला मिशी समजत होतो.

उतरताना हिला एवढंच विचारलं की कॉलर अशी का? आजवर कधी विचारलं नव्हतं. म्हणाली, "पोर कडेवर होतं हो त्यांच्या. त्याने फोटोच्या वेळी ओढली. फोटोवाल्याने नंतर पोराला कापून टाकलं, कॉलर राहिली." आणि स्वयंपाकघरात गेली.

म्हणजे तुझी चूक नव्हती. आपल्या मुलाची होती. ते पोर लहानपणी माझ्याही कॉलरी ओढायचं, दुकानात टांगलेल्या गिऱ्हाइकांच्या सुद्धा, त्यासाठी मी लोकांची बोलणी खाल्ली आहेत. तू दुकानात आला असतास तर मी तुझी कॉलर उभ्या उभ्या नीट करून दिली असती.

मुलाला मी विचारलं, तुझ्या आईने दगडावर काय लिहायला सांगितलं, तुला माहीत आहे का? तो म्हणाला, माहीत आहे. मी म्हणालो, मग सांग. तो म्हणाला, बाबा, तुम्ही झोपा. सगळ्यांना माहीत आहे. परदेशातल्या छत्रीवालीला माहीत आहे, कचेरीतल्या माणसाला माहीत आहे. ज्याचा जीव जातोय त्याला नाही. या घरात माझी किंमत एका इस्त्रीएवढीही नाही, तिला निदान कोणी चालू ठेवत नाही.

फोटो यायला बराच वेळ लागेल म्हणतात. आधी तो कारागीर तिथे येणार, गुडघे टेकून बसणार, मग कोरणार. तुला पहिल्या घावापासून कळेल. म्हणून ही विनंती. जे असेल ते मला कळव. 'तुझीच' असलं तरी कळव, मी काही बोलणार नाही, तेवीसच्या पोरावर काय डोळे वटारायचे. स्वप्नात ये, नाहीतर फोटोतून काही खूण कर, कशीही चालेल. मला वाट बघता येत नाही, ते हिचं काम होतं.

बाकी काय लिहू. तू तिथे एकटा आहेस, शेजारचा तो पोरगा बरा आहे, ऐकून घेतो. ही फोनवर सांगते तसंच सांगतो, इकडे आमचं सगळं बरं आहे, काळजी करू नको. फक्त लवकर कळव.